बिनआवाजाची फटफटी

सरांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी अक्कांनी भंगारवाल्याला बोलावलं. मी नांदेडहून आलेच होते, म्हणून थांबले. त्यानं शेडमधली गाडी ओढत बाहेर आणली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मलाच विचारलं, "मॅडम, हे नेमकं काय हाय? फटफटी हाय का बॅटरीचा गाडा?"

त्याचं विचारणं चूक नव्हतं. सांगाडा जुन्या टू-स्ट्रोक फटफटीचा. इंजिनाच्या जागी लोखंडी पट्ट्यांत आवळलेल्या बॅटऱ्या, मागच्या चाकात मोटर, आणि सीटखाली अक्कांच्या पापडाच्या डब्यात बसवलेला कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतला करंट मोटरला किती सोडायचा ते ठरवणारी पेटी. भंगारवाल्यानं डब्याचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि म्हणाला, "हे तर जळलंय." जळलंय ते मला ठाऊक होतं. जळलं तेव्हा मी त्याच सीटवर बसले होते.

सर माझे घरमालक. शिवाय लातूरच्या ज्या क्लासला मी बायोलॉजी शिकवायचे, तिथंच ते फिजिक्स शिकवायचे. शाळेतली नोकरी संपवून क्लासला आलेले. तो काळ असा की लातुरात ज्याच्या घराला जिना होता तो मालक झाला. गल्लीगल्लीत मजल्यावर मजले चढत होते, खोलीत चार-चार पोरं कोंबली जात होती, चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो घरापेक्षा मोठे लागायचे. आमच्या गल्लीत सरांचं एकच घर बुटकं. विटांच्या भिंती आणि वर पत्रा. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघायचं. मी हदगावची, उन्हाला भिणारी नव्हे, पण मीसुद्धा एकदा वैतागून म्हटलं, "सर, स्लॅब टाका ना. सगळं लातूर वर जाऊन राहिलंय."

"वर गेलेलं खाली येतं, मॅडम," ते म्हणाले आणि टेस्टर कानामागं खोचून शेडमध्ये गेले.

असं तोडून बोलायची खोडच होती त्यांना. क्लासमध्ये तर पोरं टरकून असायची. एखाद्यानं घडाघडा सूत्र म्हणून दाखवलं की सर म्हणायचे, "बिनलोडवर सगळ्याच बॅटऱ्या बारा व्होल्ट दाखवतात, राजा. लोडवर सांग, ओझं आल्यावर." मग फळ्यावर असलं काही गणित टाकायचे की त्या पोराचे बारा व्होल्ट तिथंच उतरायचे. चौकातल्या फोटोंकडे बघून हेच. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याकडे बघून हेच. मला बघायला औरंगाबादहून एक इंजिनिअर आला, पोहे खाऊन गोडगोड बोलून गेला, तेव्हा मी काही न विचारताच सर म्हणाले, "बिनलोडचं रीडिंग आहे, मॅडम. घाई करू नका." मला राग आला होता. पुढं त्या इंजिनिअरचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, पण रीडिंग बरोबर होतं.

दुसरी खोड जास्त विचित्र. सरांना कुणी हाक मारली की ते आधी जवळ जे काही चालू असेल ते बंद करायचे आणि मग ओ द्यायचे. ड्रिल चालू असेल तर ड्रिल. कूलर चालू असेल तर कूलर. बटण बंद, मान थोडी खाली, आणि मग "काय गं?" हे अक्कांना. अक्का त्यांची थोरली बहीण, विधवा, घर त्याच चालवायच्या. त्या स्वयंपाकघरातून दिवसातून पन्नास हाका मारायच्या आणि हे पन्नास वेळा यंत्र बंद करायचे. क्लासमध्येही कुणी प्रश्न विचारला की स्वतः जाऊन पंखे बंद करायचे. उन्हाळ्यात शंभर पोरं घामानं निथळतायत, आणि सर बटणाला हात लावून उभे. "हं. आता सांग." क्लासच्या मालकानं एकदा त्यांना याबद्दल टोकलं. सरांनी त्याच्या केबिनमधला एसी बंद केला आणि म्हणाले, "हं. आता सांगा." त्यानंतर कुणी नाद केला नाही.

मला वाटायचं, म्हातारा ऐकायला कमी असेल. पण तसं नव्हतं. मी वरच्या आवाजात फोनवर बोलले की ते दोन खोल्यांपलीकडून खाकरायचे.

आणि गाडी. गाडीचं वेड मी खोली घ्यायच्या कितीतरी आधीपासूनचं. विजेच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर क्वचित. सरांनी मोटर हैदराबादहून मागवली, सांगाडा स्वतःच्याच जुन्या फटफटीचा घेतला आणि बाकी सगळं शेडमध्ये बसून जुळवलं. चालताना गाडी नुसतं कण्हल्यासारखं करायची, बस. भाजीवाल्या बायका दचकायच्या. "आवो सर, वाजवा की काहीतरी, जीव जाईल एखाद्याचा." मग सरांनी सायकलची घंटी बसवली, पण वाजवायचे नाहीत.

ती गाडी नीट चालली असं मला आठवत नाही. आज एक्सलेटर अडकला, उद्या खड्ड्यात फ्यूज निसटला, परवा पावसाचं पाणी जोडात जाऊन हिरवं कीट धरलं. सरांना याचं वाईट वाटायचं नाही, उलट तोंडावर जरा तजेला यायचा. बिघाड शोधायची त्यांची रीत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू झाली तर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही. आणि मीटर नुसतं टेकवून विश्वास ठेवायचा नाही, मोटर फिरत असताना टेकवायचा. ज्या जोडात खोट असते तो शांत असताना साळसूद असतो, ओझं आलं की व्होल्टेज खातो. हे ते मला चहा पिता पिता सांगायचे आणि मी पेपर तपासत हूं हूं करायचे.

मी राहायला आले त्याच वर्षी, गाडी अजून लातूरबाहेर गेली नव्हती तेव्हा, एक्सलेटर अडकला आणि गाडी त्यांना ओढत थेट चाऱ्याच्या पेंढ्यांत घेऊन गेली. ब्रेक दाबला तरी मोटर ओढतच होती. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताला, जिथं पूर्वी क्लच होता तिथं, मागच्या चाकाचा ब्रेक आणला आणि त्याच्या दांडीत एक बारीक स्विच बसवला. दांडीला नुसती बोटं टेकली, ब्रेक लागायच्याही आधी, तरी मोटरचा करंट बंद. मला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. "बघा मॅडम. माणूस नको म्हणाला की गाडीनं थांबायचं." लई खूश होते त्या दिवशी.

पण एक बिघाड त्यांना सापडला नाही. तो फक्त एकाच जागी व्हायचा.

सर मूळचे किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातले. भूकंपात ते गाव सगळं बसलं. माळवदाची घरं, वर मातीचं जड छत, हात-हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, पहाटेची वेळ, माणसं झोपेत. गाव नंतर दुसरीकडे वसवलं, रांगेत सारखी घरं बांधून. जुन्या जागी दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी उरल्या. दरवर्षी त्या तारखेला सर गाडी घेऊन निघायचे, औशाला ओळखीच्या ढाब्यावर बॅटरी भरून घ्यायचे आणि पुढं जायचे. फाटा सोडून आत वळलं की एक नाला लागतो, नाल्यानंतर वळण, आणि वळणावर जुन्या गावाच्या बाभळी दिसायला लागतात. तिथं गाडी बंद पडायची. झटका नाही, आवाज नाही, नुसती सुटायची. सर उतरून तपासायचे, काही सापडायचं नाही. ढकलत माघारी फाट्यावर आणायचे आणि तिथं ती गुमान चालू व्हायची. घरी आणून स्टँडवर लावली की तासन् तास चालायची. त्यांनी एक्सलेटर बदलला, मग कंट्रोलर, मग सगळी वायरिंग, एका वर्षी एकच. म्हणजे बघा, एकेक चाचणी वर्षभर लांब.

मी एकदा अक्कांना म्हटलं, "यष्टीनं का जात नाहीत? फाट्यावर उतरायचं, चालत जायचं."

अक्का धपाटे थापत होत्या. हात थांबवला नाही. "म्या काय कमी सांगितलं व्हय? गाडीवर गेलतो, गाडीवरच जाईन म्हणतो. पर इंजिन घेऊन जाणार न्हाई म्हणतो. तेवढ्यासाठी तर हे समदं."

मग त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या वेळी सर लातुरात होते, शाळेचा गणपती बुडवून मुक्कामाला थांबलेले. बायको आणि लेक गावी. कळलं तसे फटफटीवर निघाले. ती फटफटी गरम झाली आणि एकदा बंद पडली की लवकर चालू व्हायची नाही, किका मारून पाय दुखायचा. कुठंतरी स्पार्कमध्ये खोट होती, आज बघू उद्या बघू म्हणून राहिलेली. त्यामुळं गावात पोचल्यावर सरांनी ती बंदच केली नाही. ढिगाऱ्याजवळ स्टँडवर लावून तशीच धडधडत ठेवली. बायको निघाली, लेक निघाली की लगेच टाकून औशाच्या दवाखान्यात न्यायची म्हणून.

"आन् हा हातानं उकरून राहिला," अक्का म्हणाल्या. "मी औशाहून पोचले तवा नखं न्हवती बोटाला. शेजारचा म्हातारा सारखा वरडायलाय, गाडी बंद कर रे, आतून आवाज येऊन राहिलाय. हा म्हणतो, बंद केली तर चालू व्हायची न्हाई. उकरायचं सोडीना, गाडी बंद करीना. मग पेट्रोल संपलं आन् गाडी आपोआप गप झाली. मग समदे हुबे राहिले कान देऊन."

"मग?"

"मग काय. काहीच न्हाई."

धपाटं तव्यावर टाकून त्या पुढं म्हणाल्या, "त्यो म्हातारा अर्धा बहिरा व्हता गं. त्याला काय ऐकू आलं आसंल? मी हजारदा सांगितलं ह्याला. पर बोलला ते बोलला. आता मरून गेला, कुणाला इचारावं?"

लेकीचं तेव्हाचं वय अक्कांनी सांगितलं. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि मला धास्ती वाटली की आता या म्हणतील, तुझ्याएवढी असती. नशीब, त्या घरात ते वाक्य कुणी कधी उच्चारलं नाही. मी खोलीत आले आणि कूलर न लावता बसून राहिले. मे महिना होता.

त्या वर्षी तारीख जवळ आली तसं अक्कांनी मला धरलं. सरांची तब्येत उतरली होती, दम लागायचा. "तू जा संगं. एकलं सोडू नगंस. गाडी पडली बंद तर ढकलायला तरी कोणी पायजे." ढकलायला म्हणून क्लासची सुट्टी काढणारी बाई मी पहिलीच असेन.

सकाळी निघालो. औशाला चहा झाला, बॅटरी भरली. पुढं रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूला काढणीला आलेलं सोयाबीन, आणि आमची गाडी कण्हत चाललेली. मागं बसलेल्याला बघायला काय असतं, चालवणाऱ्याचा खांदा आणि हात. डाव्या हाताची बोटं मुठीत गच्च, दांडीपासून लांब. लामजन्यापर्यंत तशीच. फाट्यावर वळलो तरी तशीच. नाला ओलांडला, वळण आलं, बाभळींचे शेंडे दिसले, आणि त्या मुठीतली दोन बोटं उठली आणि ब्रेकच्या दांडीवर जाऊन बसली. अगदी हळू. मोटरचं कण्हणं थांबलं. गाडी सुटली.

"बघितलंत?" सर म्हणाले. "हेच ते." उतरले, पिशवीतून मीटर काढला.

मी सीटवरच बसून होते. सांगावं की नाही असा विचार केला असं म्हणणार नाही. तोंडातून निघूनच गेलं. "सर, तुमची बोटं ब्रेकवर होती."

"कुठली बोटं?"

"डाव्या हाताची. दोन."

ते जरा हसले. "क्लचची सवय. जुन्या फटफटीवाल्याची बोटं तिथंच असतात."

"औशापर्यंत नव्हती. लामजन्यापर्यंत नव्हती. इथंच आली."

त्यांनी मीटर पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "बसा." गाडी वळवून आम्ही नाल्याच्या अलीकडे गेलो आणि पुन्हा आलो. या वेळी तेही रस्त्याकडे न बघता हाताकडे बघत होते. वळणावर बोटं उठली, दांडीवर बसली. गाडी सुटली. सर उतरले नाहीत. दोन्ही पाय जमिनीला टेकवून त्या हाताकडे बघत राहिले, जसं काही ते कुणा दुसऱ्याचं सामान चुकून आपल्याकडे आलंय.

"इतकी वर्षं मी वायरी बदलत होतो, मॅडम," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. सगळी गाडी तपासली या माणसानं, स्वतःला सोडून. मी म्हटलं, "सर, चला माघारी. अक्कांना सांगू, बंद पडली म्हणून. दरवर्षीसारखं."

"नाही. दोष सापडल्यावर तसाच ठेवत नसतात." त्यांनी पक्कड काढली आणि ब्रेकच्या दांडीत गेलेल्या स्विचच्या वायरी उपटल्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, बोट फिरवून नीट बसवली. पट्टीला एक सुरकुती नव्हती. "आता मी नको म्हणालो तरी जाईल ती. बसा."

ती गेली. तेवढा रस्ता मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. उजवा हात एक्सलेटर पिळत होता आणि डावा हात ब्रेक आवळत होता. आधी दोन बोटं, मग चारी. मोटर कण्हायची ती आता ओरडल्यासारखी घरघरायला लागली. मागच्या चाकातून ब्रेकचा करपल्यासारखा वास आला.

"सर, ब्रेक सोडा."

"सोडलाय."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की सोडलाय. माझ्या खाली पापडाचा डबा तापायला लागला, सीट चटका देऊ लागली. मी पुन्हा म्हटलं, सर, सोडा, जळेल. त्यांनी मान हलवली आणि एक्सलेटर आणखी पिळला. असे आम्ही जुन्या गावाच्या पहिल्या दगडांपर्यंत पोचलो. तिथं सीटखाली काहीतरी फट् झालं, धुराचा लोट आला आणि गाडी जागच्या जागी मेली.

मी उडी मारून बाजूला झाले. सरांनी गाडी सावकाश स्टँडला लावली. श्रद्धांजलीचा कार्यक्रम पलीकडे नव्या गावात असतो, इकडं चिटपाखरू नव्हतं. दगड, बाभळी, मध्येच कुणाच्या तरी घराचा झिजलेला उंबरा, आणि त्याच्या पुढंमागं घरच नाही. मी काही बोलायला गेले तर सरांनी हात वर केला. वर्गात पंखे बंद करून उभे राहायचे तसे मान खाली घालून उभे राहिले. वारंसुद्धा नव्हतं. मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला, म्हणून मी तोंडाला पदर लावला.

मग त्यांचा हात मागं आला. गाडीकडे न बघताच त्यांनी किल्ली चाचपली आणि मेलेल्या गाडीची किल्ली फिरवून बंद केली. आणि दगडांकडे तोंड करून, शेडमधून द्यायचे तशीच ओ दिली, "काय गं?"

आणि थांबून राहिले.